नेम आपणच धरावा

‘आईबाबांच्या मेंदूला चालना मिळेल असा एखादा खेळ सुचवा,’ ही मागणी आता दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्यांइतकीच नित्याची झाली आहे. शब्दकोडे, सुडोकू, बुद्धिबळ, पत्ते ही उत्तरे आपल्याला ठाऊक असतात आणि ती चुकीचीही नाहीत. मात्र वीस वर्षे रोज सकाळी शब्दकोडे सोडवणाऱ्याचा हात त्यात इतका बसलेला असतो की, मेंदूला नव्याने काही करावेच लागत नाही. म्हणून या लेखात मी आपल्यापुढे एक अनपेक्षित उदाहरण ठेवतो आहे. ते आहे संगणकावरील पाणबुडीच्या खेळाचे आणि त्यातही एका विशिष्ट कामाचे. टॉर्पेडोचा नेम यंत्रावर न सोपवता स्वतः हिशेब करून धरण्याचे.

सत्तरीतल्या माणसाने पाणबुडी चालवावी, ही कल्पना काहींना गमतीची वाटेल. सर्वांनी हा खेळ खेळावा असा माझा आग्रहही नाही. परंतु या खेळातील एका लहानशा निवडीमध्ये वृद्धांच्या आरोग्याचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. कोणते काम त्यांच्या हातून काढून घ्यावे आणि कोणते कटाक्षाने त्यांच्याच हाती ठेवावे, हा तो प्रश्न. घरात वडीलधारी माणसे असलेल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी सोडवावा लागतो.

खेळ कोणता, निवड कोणती?

दुसऱ्या महायुद्धातील पाणबुड्यांवर आधारलेले संगणकीय खेळ गेली तीस वर्षे लोकप्रिय आहेत. ‘सायलेंट हंटर’ मालिकेतील तिसरा खेळ २००५ साली आला आणि त्यात अटलांटिक महासागरातील जर्मन पाणबुडी चालवायची असते. २००७ साली आलेल्या चौथ्या खेळात आपण प्रशांत महासागरातील अमेरिकी पाणबुडीवर असतो. ‘यूबोट’ हा पोलंडमध्ये तयार झालेला खेळ त्यामानाने अलीकडचा. तो पूर्ण स्वरूपात २०२४ साली प्रसिद्ध झाला.

इतर युद्धखेळांत बोटांची चपळाई लागते. येथे तिची गरज नसते. पाणबुडी ताशी काही मैल या वेगाने पाण्याखालून सरकते, समोरचे मालवाहू जहाजही संथ असते, आणि एका डावपेचाला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. हातपाय मंदावलेल्या, बोटांना थोडी थरथर असलेल्या माणसालाही हा वेग झेपतो. खेळ मध्येच थांबवता येतो, साठवून ठेवता येतो आणि तोच प्रसंग पुन्हा खेळता येतो.

या खेळांच्या मांडणीत एक निवड असते. नेम स्वयंचलित ठेवला, तर जहाज पेरिस्कोपमध्ये पकडायचे आणि कळ दाबायची. सगळे हिशेब पडद्यावरील अधिकारी करतो. नेम स्वतःच्या हाती घेतला, तर मात्र प्रत्येक आकडा आपल्याला शोधावा लागतो. आपला विषय हा दुसरा मार्ग आहे.

तीन प्रश्न आणि एक स्टॉपवॉच

त्या काळातील टॉर्पेडो बंदुकीच्या गोळीसारखा क्षणात पोहोचत नसे. जर्मनांचा विजेवर चालणारा टॉर्पेडो साधारण ३० नॉट वेगाने जाई. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १८५२ मीटर. एक किलोमीटर अंतर कापायला त्याला एक मिनिटाहून अधिक वेळ लागे आणि तेवढ्यात जहाज पुढे सरकलेले असे. म्हणून नेम जहाज आज जिथे आहे तिथे धरायचा नसतो. ते मिनिटभराने जिथे असेल तिथे धरायचा असतो. त्यासाठी तीन गोष्टी कळाव्या लागतात.

पहिली, अंतर. ओळखपुस्तिकेत जहाजाच्या डोलकाठीची उंची दिलेली असते. पाण्याच्या रेषेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत पेरिस्कोपमध्ये किती कोन होतो, हे मोजले की अंतर निघते. डोलकाठी ३० मीटर उंच असून तिचा कोन एक अंश भरला, तर जहाज सुमारे १७०० मीटरवर आहे. परंतु जहाज ओळखण्यातच गफलत झाली आणि तीच डोलकाठी २४ मीटरची समजली, तर उत्तर १४००च्या आसपास येते. मोजमाप अचूक आणि निष्कर्ष चुकीचा, असे घडू शकते.

दुसरी, जहाजाची दिशा. जहाजाची नाळ आपल्याकडे रोखलेली असेल तर कोन शून्य, ते आपल्याला पूर्ण आडवे दिसत असेल तर ९० अंश. हा कोन नजरेने अजमावायचा असतो आणि इथे नजर फसते. ६० अंशांत वळलेले जहाजही त्याच्या पूर्ण लांबीच्या सुमारे ८७ टक्के लांब दिसते. त्यामुळे ‘जवळजवळ आडवेच आहे’ असे वाटते आणि नेम हुकतो. शिडे, धुराडी आणि डोलकाठ्या एकमेकींच्या पुढेमागे कशा दिसतात, हे बारकाईने पाहायची सवय हळूहळू लागते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, जहाजाची गती. याची रीत फार सुंदर आहे. आपली पाणबुडी स्थिर ठेवायची, पेरिस्कोप एका जागी रोखायचा आणि त्यातील उभी रेघ जहाजाच्या नाळेला टेकली की स्टॉपवॉच सुरू करायचे. जहाजाचा मागचा टोक-भाग त्याच रेघेवरून गेला की ते थांबवायचे. जहाज १२० मीटर लांब असून ३० सेकंद लागले, तर गती सेकंदाला ४ मीटर झाली. मीटरच्या या आकड्याची दुप्पट केली की जवळजवळ नॉट मिळतात, म्हणजे ८ नॉट. जहाज पूर्ण आडवे दिसत असो वा तिरपे, ही रीत चालते. शाळेत शिकलेले वेग, वेळ आणि अंतराचे गणित पन्नास-साठ वर्षांनी असे पुन्हा उपयोगी पडताना पाहून माणसाला जो आनंद होतो, तो मी पाहिला आहे.

अंतराला न जुमानणारी युक्ती

सुरुवात करणाऱ्यांनी काटकोनातून नेम धरावा. जहाजाच्या वाटेला काटकोनात आपली पाणबुडी उभी करायची, नाळ त्या वाटेकडे रोखलेली ठेवायची आणि वाट पाहायची. जहाज ८ नॉटने येत आहे, टॉर्पेडो ३० नॉटने जाणार आहे. ८ भागिले ३० म्हणजे ०.२७. ज्या कोनाची टॅन्जंट किंमत ०.२७ आहे तो कोन साधारण १५ अंश. म्हणून पेरिस्कोप जहाज येत असलेल्या बाजूला १५ अंश वळवून ठेवायचा आणि जहाजाचा मध्यभाग रेघेवर आला की टॉर्पेडो सरळ समोर सोडायचा.

गंमत अशी की, या रीतीत अंतर किती याला नेमासाठी महत्त्व उरत नाही. वाट १००० मीटरवर असेल तर टॉर्पेडोला सुमारे ६५ सेकंद लागतात आणि तेवढ्यात जहाज सुमारे २६७ मीटर सरकते. वाट २००० मीटरवर असेल तर दोन्ही आकडे दुप्पट होतात. त्रिकोण मोठा होतो, पण त्याचा कोन तोच राहतो. तीनपैकी एक प्रश्न असा आपोआप गळून पडतो.

तरीही जवळ जाण्याचे महत्त्व आहेच. समजा, आपण गती ८ नॉट धरली आणि ती प्रत्यक्षात ६ निघाली. १००० मीटरवर नेम सुमारे ६७ मीटरने चुकेल. १२० मीटर लांब जहाजाच्या मध्यावर नेम असेल, तर दोन्ही बाजूंना ६० मीटरची सूट असते; म्हणजे टॉर्पेडो थोडक्यात हुकेल. तीच चूक ५०० मीटरवर केली, तर फरक ३३ मीटरच पडेल आणि टॉर्पेडो लागेल. अंदाज पूर्णपणे बिनचूक करता येत नसेल, तर परिस्थिती अशी निवडावी की, लहान चूक पचून जाईल. हे सूत्र पाणबुडीइतकेच न्हाणीघरातल्या ओल्या फरशीलाही लागू आहे. तोल जाणार नाही याची हमी देता येत नाही, पण हाताशी आधाराचा दांडा बसवता येतो.

मेंदूला यातून काय मिळते?

येथे एक वैद्य म्हणून मला संयमाने बोलले पाहिजे. कोणत्याही खेळाने स्मृतिभ्रंश टळतो, असे मी सांगणार नाही. तसे सांगून माल विकणाऱ्यांपासून आपणही सावध राहावे. मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या ल्युमॉसिटी या अमेरिकी उद्योगाला फसव्या दाव्यांच्या आरोपावरून २०१६ साली तेथील सरकारी आयोगाशी २० लाख डॉलरची तडजोड करावी लागली होती.

मग संशोधन काय सांगते? अमेरिकेत ६५ वर्षांवरील २८३२ व्यक्तींना स्मरण, तर्क आणि आकलनाची गती यांपैकी एकेका गोष्टीचे प्रशिक्षण देऊन पाहण्यात आले. ‘ॲक्टिव्ह’ नावाच्या या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्याचा सराव केला तेच सुधारले, असे त्यात दिसले. दहा वर्षांनंतरच्या पाहणीत तर्क आणि गती यांचे लाभ टिकून होते, स्मरणाचे मात्र टिकले नव्हते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात वयस्कांना आठवड्याला सुमारे १५ तास, असे तीन महिने डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडीकाम शिकवले गेले. नुसत्या गप्पा, सहली आणि मनोरंजनात वेळ घालवलेल्या गटापेक्षा नवे, कठीण कौशल्य शिकणाऱ्यांच्या स्मरणशक्तीत अधिक सुधारणा दिसली.

यातून मला उचलावासा वाटणारा मुद्दा साधा आहे. काम नवे असावे, थोडे अवघड असावे आणि त्यात स्वतः निर्णय घ्यावा लागावा. हाताने नेम धरताना नेमके हेच घडते. नजरेने पाहायचे, आकडा मनात धरून ठेवायचा, दुसरा आकडा मिळेपर्यंत तो विसरायचा नाही, हिशेब करायचा, धीर धरायचा आणि मग निर्णय घ्यायचा. मिनिटभरात निकाल समोर येतो. हुकला, तर कोणता अंदाज चुकला याचा शोध घेता येतो. अंदाज, पडताळणी आणि दुरुस्ती ही साखळी अनेक निवृत्तांच्या दिनक्रमातून नाहीशी झालेली असते. त्यांनी ठरवावे आणि त्याचा परिणाम दिसावा, असे काही उरलेलेच नसते.

खेळाला कमी लेखणाऱ्यांसाठी इतिहासातील एक दाखला. गिल्बर्ट रॉबर्ट्स या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याला क्षयरोगामुळे १९३८ साली सेवेतून निवृत्त व्हावे लागले. प्रकृतीने बाद ठरवलेल्या याच माणसाकडे १९४२ साली लिव्हरपूल येथे एक काम सोपवण्यात आले. जर्मन पाणबुड्या आपल्या जहाजांवर नेमक्या कशा चालून येतात, हे शोधण्याचे. त्याने जमिनीवर खडूच्या रेघा आखून खेळ मांडला. महिला नौदल सेवेतील तरुण मुली त्या फरशीवर जहाजांच्या आणि पाणबुड्यांच्या हालचाली मांडत. खेळायला आलेल्या अधिकाऱ्यांना कापडी आडोशाच्या फटीतून, समुद्रावर दिसेल तेवढेच दिसे. या खेळातून निघालेले डावपेच अटलांटिकवर प्रत्यक्ष वापरले गेले. शरीर साथ देईनासे झाले म्हणून माणसाची निर्णयबुद्धी संपत नाही, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

‘स्वयंचलित’चा मोह

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. पत्नीच्या निधनानंतर त्यांचे बोलणे कमी झाले, जेवण कमी झाले, दुपारची झोप वाढली. नातवाने सुटीत त्यांच्या संगणकावर हा खेळ बसवून दिला. बाबांना त्रास नको, म्हणून मुलाने नेम स्वयंचलित ठेवला. चार दिवसांत त्यांचा रस आटला. ‘सगळे तोच करतो, मी फक्त बटण दाबतो,’ असे ते मला म्हणाले. पुढच्या खेपेला नातवाने निवड बदलली. मग टेबलावर कोनमापक आला, टॅन्जंटची तालिका आली, जुनी वही निघाली. आयुष्यभर जमीन मोजलेल्या माणसाला समुद्र मोजायला मिळाला.

त्यांची स्मृती सुधारली, असा दावा मी करणार नाही. त्यांच्या उदासीवर आवश्यक ते औषधोपचारही सुरू होते. पण दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या घडल्या. संध्याकाळच्या धूसर दृश्यात डोलकाठीचे टोक दिसत नाही, अशी तक्रार त्यांनी स्वतःहून केली. तपासणीत मोतीबिंदू निघाला आणि त्यावर शस्त्रक्रिया झाली. दुसरी गोष्ट अशी की, आपल्या गोळ्यांची डबी आठवड्याच्या आठवड्याला आपणच भरणार, असे त्यांनी सुनेला सांगितले. आजही डबी ते भरतात आणि ती एकदा नजर टाकते.

आपण घरात किती गोष्टी ‘स्वयंचलित’ करून ठेवतो, याचा विचार करावा. बँकेचे काम मुलगा करतो, बाजारहाट ॲपवरून होतो, डॉक्टरांच्या प्रश्नाला सून उत्तर देते, आजीचा चहाही तिला न विचारता बिनसाखरेचा होतो. या सगळ्यामागे माया असते. परिणाम मात्र असा होतो की, त्या व्यक्तीला दिवसभरात एकही निर्णय घ्यावा लागत नाही. अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला, १९७६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत प्रसिद्ध आहे. एका गटाला लहानसहान बाबतींत स्वतः निवड करण्यास सांगितले आणि प्रत्येकाला एक रोप स्वतः सांभाळायला दिले. दुसऱ्या गटालाही रोप दिले, पण पाणी घालायचे काम कर्मचारी करतील असे सांगितले. पहिल्या गटातील मंडळी अधिक तरतरीत आणि समाधानी आढळली.

मदत म्हणजे ताबा नव्हे

‘पण त्यांच्याकडून चुका होतात,’ असे काळजीवाहक म्हणतील. खरे आहे. म्हणूनच प्रश्न चूक होईल का, हा नसून त्या चुकीची किंमत किती, हा असावा. खेळातला टॉर्पेडो हुकला तर काही बिघडत नाही. भाजीवाल्याने दहा रुपये जास्त घेतले, तर थोडेसेच बिघडते. इन्शुलिनची मात्रा चुकली किंवा गॅस सुरू राहिला, तर जिवावर बेतते. जिथे चूक परवडते तिथे नेम त्यांनाच धरू द्यावा. जिथे ती परवडत नाही, तिथे आपण बरोबर असावे. आणि जिथे ती घातक आहे व वारंवार होते आहे, तिथेच काम आपल्याकडे घ्यावे. तेही त्यांना सांगून, त्यांच्या संमतीने.

प्रत्यक्ष पाणबुडीतही कप्तान एकटा नेम धरत नसे. तो पेरिस्कोपमधून पाही, दुसरा कोनाचा आकडा वाचून दाखवी, तिसरा तो गणकयंत्रात भरी, चौथा नकाशावर मांडी. ‘आता सोडा’ हा निर्णय मात्र कप्तानाचाच असे. घरातही अशी विभागणी करता येते. नातीने पेरिस्कोप सांभाळावा, आजोबांनी स्टॉपवॉच आणि वही. ज्यांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे, त्यांना तीनपैकी एकच काम द्यावे. जहाज रेघेवर आले की ‘आता’ म्हणण्याचे. पायऱ्या लिहिलेला कागद समोर ठेवावा. उंदीर त्यांच्या हातातून ओढून घेऊ नये, मागे उभे राहून घाई करू नये. उत्तर चुकत आहे असे दिसले, तरी टॉर्पेडो सुटू द्यावा. हुकल्यावर ‘मी सांगत होतो’ म्हणण्याऐवजी ‘काय चुकले असेल?’ असे विचारावे.

आणखी एक गोष्ट ज्येष्ठांनी लक्षात घ्यावी. १९४१ ते १९४३ या काळात अमेरिकेचे ‘मार्क १४’ टॉर्पेडो सदोष होते. ते ठरवलेल्या खोलीपेक्षा सुमारे १० फूट खाली धावत आणि कित्येकदा जहाजावर आदळूनही फुटत नसत. कप्तानांचा हिशेब बरोबर असूनही निकाल उलटा येई आणि अधिकारी प्रारंभी दोष कप्तानांनाच देत. आपलेही कधी कधी असेच होते. पथ्य पाळूनही साखर वाढते, काळजी घेऊनही पाय मुरगळतो. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट होता, असे दर वेळी नसते. स्वतःला बोल लावण्यापूर्वी आणि घरच्यांनी तो लावण्यापूर्वी हे आठवावे.

खेळताना पाळायची पथ्ये

बैठक: एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक बसू नये. उठून घरात पाच मिनिटे चालावे, मगच पुढचा डाव. पाय सुजणाऱ्यांनी पाय खाली लोंबकळत ठेवू नयेत. रोजचे फिरणे बुडवून खेळ नको. मेंदूसाठी चालण्याचे मोल कोणत्याही खेळाहून अधिक आहे.

डोळे: दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे आणि पापण्या मिटाव्यात. दुहेरी किंवा बहुकेंद्री भिंगाचा चष्मा असेल, तर पडद्याकडे पाहताना हनुवटी वर करावी लागते आणि मान धरते. पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. खेळातील रात्रीची दृश्ये काळोखी असतात. पडद्याचा उजेड वाढवावा आणि खोलीत दिवा ठेवावा.

कान: पाण्याखालील आवाज ऐकण्यासाठी हेडफोन लावला, तर आवाज बेताचा ठेवावा. दाराची घंटा, फोन ऐकू येईल इतपत. पूर्वी ऐकू येणारे आवाज आता येत नसतील, तर श्रवणतपासणी करावी. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी आणि टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली, त्यांत ऐकू न येणे आणि दृष्टिदोषावर उपचार न करणे, ही दोन्ही आहेत.

जेवण व औषधे: इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ‘एवढे जहाज झाले की जेवतो’ असे कधीही करू नये. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. औषधांच्या वेळांचा गजर लावावा, पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा.

झोप: रात्री जेवणानंतर हा खेळ नको. त्याची चुटपुट अंथरुणापर्यंत येते. सकाळची किंवा चारच्या चहानंतरची वेळ उत्तम.

धोक्याची सूचना: आधी सहज जमणारा हिशेब काही आठवड्यांपासून जमत नसेल, शिवाय पैशांचे व्यवहार, ओळखीचे रस्ते, नेहमीची कामे यांतही अडखळायला होत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. जीवनसत्त्व बी-१२ची कमतरता, थायरॉईडचे विकार, नैराश्य, काही औषधांचे परिणाम अशी उपचार करता येण्याजोगी कारणेही त्यामागे असू शकतात. मात्र अचानक बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हातातले बळ गेले किंवा एकाएकी भ्रम झाला, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. ज्यांना फेफरे येते, त्यांनी पडद्यावरील खेळांपूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ज्यांना हा खेळ नको

काहींना हा विषयच रुचणार नाही आणि त्यांचा नकार मानला पाहिजे. टॉर्पेडो हा अखेर माणसे मारणाऱ्या शस्त्राचा प्रकार आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने आपली ‘खुकरी’ युद्धनौका बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ती बातमी रेडिओवर ऐकलेले, आपले माणूस नौदलात असलेले अनेक जण आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यासाठी पडद्यावरचे बुडणारे जहाज हा खेळ नसेल. घरच्यांनी आग्रह धरू नये.

अशांसाठी आणि ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांच्यासाठी तोच हिशेब खिडकीतूनही करता येतो. घराजवळून आगगाडी जात असेल, तर एखाद्या खांबावर नजर ठेवावी. नव्या बांधणीचा एलएचबी डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. दहा डबे खांबावरून जायला १६ सेकंद लागले, तर २४० मीटरला १६ सेकंद, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. त्याला ३.६ ने गुणले की ताशी ५४ किलोमीटर. आधी नजरेने अंदाज बांधावा, वहीत लिहावा, मग घड्याळ लावून पडताळावा. पंधरा दिवसांत आपला अंदाज किती जवळ येतो, ते पाहावे.

खेळ पाणबुडीचा असो, आगगाडीचा असो वा कुंडीतल्या तुळशीचा, तपासायची गोष्ट एकच आहे. काळजीवाहकांनी आज रात्री झोपण्यापूर्वी एक यादी करावी. आपण आईवडिलांसाठी, सासूसासऱ्यांसाठी रोज जी कामे करतो, त्यांतील कोणती त्यांना जमत नाहीत म्हणून करतो आणि कोणती केवळ लवकर उरकतात म्हणून? दुसऱ्या रकान्यातील एक काम उद्या सकाळी त्यांना परत द्यावे. थोडा वेळ अधिक लागेल, कधी नेम हुकेलही. तो त्यांनी धरलेला असेल.